माहितीसंचय, घरगुती
कुटुंबाची कागदपत्रे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे इ. संगणकीय रूपात घरीच जतन करणे व त्यांच्या राखीव प्रती ठेवणे. मोठ्या संचयासाठी मुख्यत्वे हार्ड डिस्क (चुंबकीय तबकडी) वापरतात.

पूर्वी हे काम कापडी रुमालात बांधलेले दप्तर करीत असे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९९९ मध्ये त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. संस्थानी कारभार उर्दूत आणि पुष्कळसे खाजगी लेखन मोडीत असल्याने पुढील पिढ्यांना घरचे कागद वाचता येईनात. जो कागद वाचता येत नाही तो जपण्याची निकडही वाटत नाही. वाळवी व ओल यांचे काम त्यामुळे सोपे झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत मराठवाड्यातील जुन्या नोंदींत ‘कुणबी’ या उल्लेखाचा शोध सुरू झाला, तेव्हा अशा कागदांचे मोल एकाएकी ध्यानी आले. जातीचा दाखला मिळणे न मिळणे एखाद्या ओळीवर अवलंबून राहिले. सापडलेल्या शासकीय नोंदींच्या प्रतिमा संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. घरच्या कागदांची जबाबदारी मात्र घरावरच राहिली.

परभणी मुंबई राज्यात आली त्याच वर्षी, १९५६ मध्ये, आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तीत ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या असून सु. ५० लाख अक्षरे मावत. १९८० मध्ये जवळजवळ तेवढीच माहिती सीगेट कंपनीच्या सव्वापाच इंची डिस्कमध्ये बसू लागली. एक टेराबाइटचा टप्पा २००७ मध्ये गाठला गेला. प्रत्येकी ४ मेगाबाइटची १० लाख छायाचित्रे आज ४ टेराबाइटच्या एका डिस्कमध्ये मावतात. (उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात; म्हणून हीच डिस्क काही संगणकांवर सु. ३·६ टेराबाइटची दिसते. ती फसवणूक नव्हे.)

धारणशक्ती वाढली तशी एका बिघाडात बुडणारी माहितीही वाढली. म्हणून एका प्रचंड डिस्कपेक्षा मध्यम धारणशक्तीच्या दोन डिस्क घेणे केव्हाही श्रेयस्कर. काही डिस्कमध्ये लेखनाच्या चाकोऱ्या कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवलेल्या असतात. एकदा भरून ठेवण्यास त्या ठीक, पण वारंवार फेरलेखनात मंदावतात. हा फरक काही उत्पादकांनी ग्राहकांना सांगितलाच नव्हता, हे २०२० मध्ये उघड झाले. खरेदीपूर्वी तो विचारून घ्यावा लागतो. हमी साधारणतः २ ते ५ वर्षांची असते. ती डिस्कची असते, आतील माहितीची नव्हे.

दोन डिस्क जोडून एकाच वेळी दोहोंवर लेखन करण्याच्या योजनेने (रेड) एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहते. तथापि चुकून पुसलेला मजकूर दोहोंवरूनही पुसला जातो. सबब ती राखीव प्रत नव्हे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा संकेत सर्वमान्य आहे. परभणीत मे महिन्यात कमाल तापमान ४२° से.च्या आसपास असते. बहुतेक डिस्कची कार्यमर्यादा ६०° से. असली, तरी बंद कपाटात सतत चालणारी डिस्क त्या मर्यादेकडे सरकते. लेखन चालू असता वीज गेल्यास नोंदी विस्कटतात. यांमुळे राखीव डिस्क एरवी बंद ठेवून ठराविक काळाने जोडणे व त्या वेळी काही प्रती उघडून पाहणे इष्ट असते. बाहेरची प्रत जिंतूर, सेलू अशा दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवल्यास एकाच पुराने वा आगीने सर्व प्रती नष्ट होत नाहीत.

प्रतिमा घेतल्यावरही मूळ कागद टाकून देऊ नयेत. पडताळणीत त्यांची अथवा प्रमाणित प्रतींची गरज पडते. मोडी कागदाच्या प्रतिमेबरोबर त्याचे देवनागरी लिप्यंतर, उर्दू कागदाबरोबर मराठी भाषांतर आणि कागद कोणत्या गावचा व कोणाच्या दप्तरातला ही टीप त्याच डिस्कवर ठेवावी लागते.