पेंढ्याची ऊब

आज बोरिवलीत थंडी म्हटली की लोक हसतात. पण २२ जानेवारी १९६२ला सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांवर उतरला होता. मी तेव्हा आईच्या पदराखाली. कळत्या वयात पाहिली ती कान्हेरीच्या डोंगराखालची थंडी. पहाटे शेतावर धुकं असायचं, बांधावरचं गवत दवानं चिंब.

स्वेटर घेण्याची ऐपत नव्हती. लुगडं विरलं की आई त्याची गोधडी शिवायची. एका गोधडीत आम्ही चार भावंडं, मधली जागा धाकट्याची. खाली गोणपाट, त्याखाली भाताचा पेंढा. रात्री चुलीतले निखारे घमेल्यात काढून वर भाताचं तूस टाकायचं आणि घमेलं पडवीत ठेवायचं. तूस पहाटेपर्यंत धुमसायचं. सकाळी त्याच राखेनं भांडी घासायची.

पेंढा मात्र मोजून मिळायचा, कारण तो बैलांचा वर्षाचा चारा. कुणी जास्त ओढला की आजी विचारायची, "उन्हाळ्यात बैल काय खातील रे, तुझी ऊब?" मग आम्ही मुकाट्यानं दोन पेंढ्या परत उडवीवर ठेवून यायचो, आणि एकमेकांना आणखी चिकटून झोपायचो.