'हिटलर' म्हणण्याआधी



आमच्या बचत गटांच्या बैठकीत एक शब्द फार सहज येतो. उशीर झालेली एखादी ताई दारातूनच सांगते, "आमची हिटलर झोपली, मग निघाले." सासू कडक असली की ती हिटलर. शाळेतल्या बाई शिस्तीच्या असल्या की त्याही हिटलर. हप्ता वेळेवर मागणाऱ्या आमच्या सचिवताईंनाही हे नाव मिळालेलं आहे, आणि त्याही हसतात.

मध्यंतरी एका बैठकीत आमच्यातली एक जण हसली नाही. तिचा कॉलेजात जाणारा मुलगा फुटपाथवरून हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद घेऊन आला होता. जेवताना म्हणाला, "आपल्याकडे असाच माणूस पाहिजे. शिस्त लागेल सगळ्यांना." तिनं आम्हाला विचारलं, "नक्की काय केलं होतं गं त्यानं?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. युद्ध केलं, ज्यू लोकांना मारलं, एवढंच सांगता आलं. ज्यू म्हणजे कोण, त्यांना कसं मारलं, आपला त्याच्याशी काय संबंध, हे कुणालाच नीट सांगता येईना. मग आम्ही वाचायला बसलो. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात घराजवळून करू. आपल्यापैकी कितीतरी जणींची बाळंतपणं ससूनला झाली असतील. हे ससून म्हणजे डेव्हिड ससून, बगदादचे ज्यू व्यापारी. तिथला सुभेदार ज्यूंना छळू लागला तेव्हा ते जीव वाचवून पळाले आणि १८३२ साली मुंबईत आले. इथे व्यापार वाढला, आणि त्यांच्या देणगीतून १८६७ साली पुण्याचं हे रुग्णालय उभं राहिलं. कॅम्पातलं विटांचं लाल देऊळ आपण बसमधून पाहतो, ते त्यांनीच बांधायला घेतलेलं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. त्यांची समाधीही तिथेच आहे.

त्यांच्याही कितीतरी आधीपासून आपल्याकडे बेने इस्रायली ज्यू आहेत. अलिबागजवळ नवगावला त्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असं ते सांगतात. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी त्यांची आडनावं, आणि घरातली भाषा मराठी. रास्ता पेठेतही त्यांचं प्रार्थनामंदिर आहे. इथे देवधर्मापायी त्यांच्या दारावर कुणी चालून गेलं नाही.

आता जर्मनीकडे वळू. पहिलं महायुद्ध जर्मनी हरला होता. महागाईनं लोकांची बचत मातीमोल झाली, पुढे मंदी आली आणि लाखो हात रिकामे झाले. अशा वेळी हिटलरच्या नाझी पक्षानं लोकांना एक गुन्हेगार दाखवला : ज्यू. शंभरात एकही भरणार नाही एवढी त्यांची संख्या, साधारण पाच लाख. १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. काही महिन्यांत बाकीचे पक्ष बंद झाले आणि विरोध करणारे छावणीत गेले. देशात एक पक्ष, एक नेता, आणि प्रश्न विचारणारा तो शत्रू, अशा राजवटीला फॅसिस्ट म्हणतात.

आम्हाला वाटत होतं, एके दिवशी चिडून लोकांना मारलं असेल. तसं झालं नाही. आधी कागद तयार झाले. आम्ही रोज हजेरीपट, ठराव वही, पासबुकं हाताळतो, म्हणून असेल, पण हा भाग वाचताना आमच्या अंगावर काटा आला.

१ एप्रिल १९३३ : ज्यूंच्या दुकानांपुढे पहारेकरी उभे करून गिऱ्हाइकांना अडवलं. त्याच महिन्यात सरकारी नोकरीतल्या ज्यूंना घरी पाठवणारा कायदा आला. १९३५ : ज्यूंचं नागरिकत्व गेलं, इतरांशी लग्न हा गुन्हा झाला, आणि ज्यूंच्या घरी ४५ वर्षांखालच्या जर्मन बाईनं घरकाम करायचं नाही असाही नियम झाला. १९३८ : ज्यूंनी आपली मालमत्ता सरकारदरबारी नोंदवायची. नावावरून ज्यू ओळखू येत नसेल तर बाईनं नावापुढे 'सारा' आणि पुरुषानं 'इस्रायल' लावायचं. पासपोर्टवर ज्यू असल्याचा शिक्का मारायचा. मग त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर शेकडो प्रार्थनामंदिरं जाळली, हजारो दुकानं फोडली आणि सुमारे ३० हजार पुरुषांना पकडून छावण्यांत नेलं. वर नुकसानीबद्दल ज्यूंनाच शंभर कोटी मार्क दंड ठोठावला.

यातल्या प्रत्येक पायरीवर शेजारपाजारचे लोक होते. कुणी दुकान स्वस्तात घेतलं, कुणाला रिकामी झालेली नोकरी मिळाली, आणि पुष्कळांनी पडदा ओढून घेतला.

मग हे लोक पळून का गेले नाहीत? हा प्रश्न आम्हालाही पडला. पण पळायला जागा लागते. जुलै १९३८ मध्ये ३२ देशांचे प्रतिनिधी फ्रान्समध्ये एव्हियाँ या गावी जमले. जवळजवळ सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि आपापलं दार लावून घेतलं. इंग्रजांच्या राज्यातला हिंदुस्थानही सताड उघडा नव्हता. इथे यायचं तर हा माणूस सरकारवर भार होणार नाही, अशी हमी इथल्या कुणीतरी द्यावी लागे. म्हणजे जामीन! मुंबईतल्या ज्यूंनी १९३४ सालीच ज्यूइश रिलीफ असोसिएशन ही संस्था काढली होती. ती अनोळखी माणसांसाठी जामीन राहू लागली. आलेल्यांची संख्या फार मोठी नव्हती. पण कर्जाच्या कागदावर दुसरीसाठी सही करताना आपला हात कसा थबकतो, ते आपल्याला ठाऊक आहे. इथे एका सहीवर कर्ज नव्हे, माणूस उभा होता.

आलेल्यांपैकी दोघांची गोष्ट सांगतो.

हिल्डे होल्गर ही ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातली नर्तकी. १९३८ मध्ये जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला आणि तिचं नाचणं बंद झालं. १९३९ साली ती मुंबईत आली. एका पारशी डॉक्टरांशी तिनं लग्न केलं आणि १९४१ मध्ये नृत्याची शाळा सुरू केली. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिच्याकडे शिकायला येत. मागे राहिलेली तिची आई, बहीण आणि इतर अनेक नातेवाईक मात्र मारले गेले.

दुसरे वॉल्टर कॉफमन, संगीतकार. हिटलर सत्तेवर आल्यानंतर साधारण वर्षभरानं, १९३४ मध्ये, ते मुंबईत आले आणि पुढे ऑल इंडिया रेडिओत पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. पहाटे रेडिओ लावला की तानपुऱ्यावर व्हायोलिनची ती धून यायची, आठवते? आई चूल पेटवायची, आजी देवापुढे बसायची, आणि ती धून वाजायची. ती आकाशवाणीची ओळखधून कॉफमन यांचीच मानली जाते. आपल्या घरोघरच्या सकाळी एका निर्वासितानं दिलेल्या सुरांनी सुरू होत होत्या, आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नव्हतं.

आपल्या जिल्ह्याचाही यात एक धागा आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारनं इथल्या जर्मन पुरुषांना पकडून अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत ठेवलं. हिटलरपासून पळून आलेले ज्यूही कागदावर जर्मनच! त्यामुळे छळणारे नाझी आणि छळलेले ज्यू एकाच तारेच्या कुंपणात आले. चौकशीनंतर बऱ्याच ज्यूंना सोडलं, काहींना पुन्हा धरलं. पुढे काही कुटुंबं आपल्या पुरंदर गडावर नजरकैदेत होती. जिथे संभाजीराजांचा जन्म झाला त्या गडावर हे लोक युद्ध संपायची वाट पाहत होते. कागद माणूस पाहत नाही, हे त्यांना दोनदा कळलं.

मागे राहिलेल्यांचं काय झालं? १९४१ पासून ज्यूंना गाड्यांत कोंबून पूर्वेकडे नेऊ लागले. पोलंडमधल्या आउश्वित्झ या एकाच छावणीत सुमारे ११ लाख माणसं मारली, त्यांतले जवळजवळ १० लाख ज्यू होते. लहान मुलं बरोबर असलेल्या आयांना गाडीतून उतरल्यावर बहुधा थेट विषारी वायूच्या खोल्यांकडे पाठवत. युरोपभर मिळून सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. शिवाय लाखो रोमा, म्हणजे तिकडचे भटके लोक, आणि अपंग, मनोरुग्णही मारले.

आता त्या मुलाची शिस्त. शिस्त होती, फार होती. जर्मन रेल्वे या मरणाच्या गाड्यांचं भाडं रीतसर लावत असे. चार ते दहा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. परतीचं तिकीट नव्हतं. हिशेब चोख होता. आम्ही त्या ताईला म्हटलं, मुलाला एवढं एकच सांग. शिस्त चांगली की वाईट हे नुसतं वेळापत्रक पाहून कळत नाही. गाडीत कोण आहे आणि ती कुठे चालली आहे, तेही पाहावं लागतं.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली. ती सांगायला लाज वाटते, पण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एक बाई भाड्यानं राहायला आली. शिवणकाम करायची. मशीन घ्यायला कर्ज हवं म्हणून गटात घ्या म्हणाली. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "ती आपल्यातली नाही." कुणी वाईट बोललं नाही, भांडण झालं नाही. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, मग त्याच्या पुढच्या. ठराव वहीत तीन महिने 'निर्णय प्रलंबित' असं लिहिलेलं आहे. ते अक्षर आमचंच आहे. चौथ्या महिन्यात कळलं, ती खोली सोडून गेली.

आम्ही हिटलर नाही, हे आम्हाला माहीत आहे. आमच्या वहीतल्या दोन शब्दांची त्या भयंकर गोष्टीशी बरोबरी करायची नाही. पण 'आपल्यातली नाही' म्हटल्यावर बाकीच्या गप्प का बसल्या, हे आम्हाला आता विचारता येतं. त्यानंतर गटात एक ठराव केला : नवीन बाईला काम काय करते आणि किती बचत झेपेल, एवढंच विचारायचं. होकार असो की नकार, निर्णय त्याच बैठकीत, तिच्या तोंडावर.

सासूला हिटलर म्हणायची सवय अजून पुरती गेलेली नाही. जीभ घसरते. पण आता कुणीतरी लगेच म्हणतं, "अगं, कडक आहेत म्हण." आणि सचिवताईंना आम्ही पुन्हा ताईच म्हणू लागलो आहोत.

पुढच्या वेळी ससूनला गेलात किंवा लाल देवळावरून बस गेली, तर शेजारी बसलेल्या लेकीला ही गोष्ट सांगा.