दोन अधोल्या

आमच्या घरात पितळेची एक अधोली होती. दोन अधोल्या म्हणजे एक पायली, हे आता सांगावं लागतं. दर दिवाळीला आई ती चिंचेनं घासून लख्ख करायची, धान्यानं भरून देवापुढं ठेवायची. आजोबांनी या अधोलीनं बलुतं दिलं, दुष्काळात गाव जगवलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

औसा तालुक्यातलं आमचं गाव 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे पडलं. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. या घरांनी उन्हाळ्यात पिढ्यान् पिढ्या गारवा दिला आणि त्या पहाटे त्यांनीच माणसं गाडली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आई-वडील त्या रात्री लातूरला माझ्याकडे होते, म्हणून वाचले. पुढं ढिगारा उपसताना अधोली सापडली. नवल म्हणजे एक नाही, दोन सापडल्या. अगदी सारख्या दिसणाऱ्या. दुसरीबद्दल कुणी काही बोललं नाही. दोन्ही ट्रंकेत गेल्या.

आई गेल्यावर ट्रंक उघडली. मुलांना या वस्तूंचं काही नाही, आणि मोडीत घालायला हात धजेना. वाटलं, जवळच्या एखाद्या संग्रहालयाला द्याव्यात. पण आपल्यासारख्यांच्या घरातली अधोली कोण घेणार?

या शंकेनंच मी तेरला गेलो. गोरोबाकाकांचं तेर आपल्याला माहीत असतं. पण हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलं आहे. तिथून कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जाई. तगर नेमकं कुठलं, यावर बराच वाद होता. 1901 साली फ्लीट या अभ्यासकानं ते म्हणजे आपलं तेर, असं दाखवून दिलं.

इथं पाऊस पडून गेला की पांढरीच्या मातीतून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येतात. पोरांनी खेळाव्यात आणि फेकाव्यात अशा या वस्तू तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं जमवल्या. त्यांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नातं सांगणारी मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात मिळाली. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे आपल्या बालाघाटातलं एक गाव आणि ते रोमन शहर यांच्यात काही धागा होता! ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी 1960 साली तेरच्या पुराणवस्तूंवर पुस्तिका लिहिली. पुढं लामतुऱ्यांचा संग्रह शासनाकडं गेला. आज तेरचं शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावानं आहे.

तिथल्या कपाटांपुढं उभं असताना एक गोष्ट ध्यानात आली. जमिनीवर वेचलेली वस्तू कितीही सुंदर असो, ती कुठल्या थरातली, कुणाच्या घरातली, हे ती सांगत नाही. मणी बोलत नाहीत. आमच्या अधोलीचं मात्र सगळं सांगता येण्यासारखं होतं. पुण्याच्या दिनकर केळकरांनी लेकाच्या, राजाच्या, नावानं उभारलेल्या संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते आहेत. मग अधोलीनंच काय पाप केलंय?

आमच्याच भागातल्या एका छोट्या संग्रहालयात विचारलं. तिथल्या बाईंनी पहिलंच सांगितलं, "घासू नका. पितांबरी तर अजिबात लावू नका. आणि वस्तूची हकीकत लिहून आणा. कुणाची, कशी वापरली, तुमच्याकडं कशी आली. नोंदवहीत तीच राहते." शिवाय दानपत्रावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात.

हकीकत लिहायची म्हणून मी पुनर्वसित गावात गेलो. आजोबांच्या वेळचे एक म्हातारबाबा भेटले. अधोल्या हातात घेऊन त्यांनी दोन्ही तोलल्या आणि एक माझ्यापुढं धरली. "ही द्यायची. अन् ती घ्यायची."

घरी येऊन ज्वारी भरून पाहिली. लहान अधोली शिगोशीग भरून मोठीत ओतली. मोठी भरली नाही. वर दोन मुठी लागल्या.

दुष्काळात ज्वारी द्यायची ती सवाई-दिडीनं. मण नेला की सुगीला सव्वा किंवा दीड मण परत. ते उघड होतं, गावाला ठाऊक होतं. वरच्या दोन मुठी मात्र कुठल्याच वहीत नव्हत्या. 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, 1958 पासून तो टप्प्याटप्प्यानं लागू झाला. आमच्या खळ्यावर अधोली त्यानंतरही चालत राहिली. का, ते आता कळलं.

नांदेडला मोठ्या भावाला फोन केला. दादा आधी गप्प. मग म्हणाला, "एकच दे. आजोबांनी माणसं जगवली, ते खोटं आहे का?"

खोटं नव्हतंच. 72 च्या दुष्काळात आमच्या पेवातल्या ज्वारीवर कितीतरी घरं तगली, हे त्या म्हातारबाबांनीही सांगितलं होतं. "तवा ती बी कोन देत होतं?" हे त्यांचेच शब्द. मग एकच अधोली द्यावी का? तसं केलं तर नोंदवहीत आजोबांचं दान राहील आणि त्या दोन मुठी पुसल्या जातील. त्या मुठी ज्यांच्या पोटातून गेल्या, त्यांच्याकडं संग्रहालयाला द्यायला पितळेची वस्तू नाही. त्यांचा पुरावाही आमच्याच ट्रंकेत होता.

हे सगळं दादाला सांगायला मी नांदेडला गेलो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मापं मोजायला मीच बसायचो. बारा वर्षांचा होतो. एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन... सुगीला लोक धान्य घेऊन आले की आजोबा नुसतं बघायचे माझ्याकडं. मी आत जाऊन मोठी आणायचो."

इतकी वर्षं त्याला माहीत होतं.

त्यानं सही केली. दोन्ही अधोल्या दिल्या. नोंदवहीत दोन्हींची मापं लिहिली आणि 'देण्याची' आणि 'घेण्याची' असं स्वच्छ लिहिलं. दात्याचं नाव लिहायचं का, असं बाईंनी विचारलं. मी दादाकडं पाहिलं. तो म्हणाला, "लिहा."

तुमच्याही घरात एखादी ट्रंक असेल. उघडाल तेव्हा घासूनपुसून घेऊ नका.