गिअरचा दांडा कुणी हलवला?
मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्सीत स्टिअरिंगजवळ असलेला गिअरचा दांडा आठवतोय? अमेरिकेत शेव्हरोलेने 1948 मध्ये तीन गिअरच्या पिकअप ट्रकमध्ये तो फ्लोअरवरून तिथे नेला. पायाजवळची जागा मोकळी झाली. पण हा दांडा सळ्यांनी गिअरबॉक्सला जोडलेला असतो. जोड झिजले की गिअर अडकतो. म्हणून पुढे कित्येक मालकांनी तो परत फ्लोअरवर बसवून घेतला.

आता 1950 चा असा ट्रक पाहून तुम्ही ‘कंपनीतून असाच आला’ असं लिहिलंत, तर फसलात! आधी गिअर मोजा: चार असतील तर दांडा मूळचाच फ्लोअरवर असणार. तीन असतील तर फ्लोअरचं भोक आणि स्टिअरिंगच्या नळीवरच्या खुणा तपासा. जुनी वस्तू हा पुरावा खराच, पण त्यात नंतर कुणाचा हात लागलाय, हे आधी बघायचं.