संत्रे आणि गुलाब : परसातील दोन नावे

महाराष्ट्रातील परसबागेत लिंबाच्या जातीची झाडे व गुलाब शेजारी नांदत असले, तरी त्यांच्या नावांचा इतिहास एक नाही. महाळुंग हे संस्कृत मातुलुंगाचे मराठी रूप. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती तेच फळ आहे. नारंग हा शब्द तर फारसी व अरबीमार्गे थेट स्पेनपर्यंत पोहोचला. संत्रे हे नाव मात्र पोर्तुगालमधील सिंत्रा या गावावरून आले, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे मत ग्राह्य नाही. पोर्तुगीज कालिकतला आले ते १४९८ मध्ये. आणि १५३० मध्ये निवर्तलेल्या बाबराने आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानच्या फळांत ‘संगतरा’ नोंदविला आहे. एवढ्या अल्पावधीत किनाऱ्यावरचे परके ग्रामनाम उत्तरेत रुळून देशी ठरावे, हे असंभवनीय होय.

गुलाबाची गोष्ट उलट आहे. फारसीत फूल ते ‘गुल’. ‘गुलाब’ म्हणजे त्याचे पाणी. मराठीने अर्काचे नाव झुडपास दिले, आणि मग अर्कास गुलाबपाणी म्हणून पाणी दोनदा घातले! रानगुलाबाची कुब्जकासारखी संस्कृत नावे मागे पडली. हिंदीत सेवती हा पांढरा गुलाब. मराठीतील शेवंती हे निराळेच फूल.