गावाबाहेरचा सल्ला

सावद्यासारख्या गावात मनाचा डॉक्टर जवळ नाही, म्हणून विद्यार्थ्यांसाठी फोनवरची मदत आली, असे सरसकट सांगितले जाते. हे अर्धेच खरे. दिल्लीकडे केळी धाडणाऱ्या या गावातून भुसावळ-जळगाव गाठणे अवघड नाही. अडचण आहे ती दवाखान्याच्या बाकड्यावर. तिथे शेजारी बसलेला हमखास ओळखीतला निघतो आणि ‘अमक्याचा पोरगा तिथे कशाला गेला होता’ हे संध्याकाळच्या आत घरी पोचते. दुरून सल्ला मागण्याची महाराष्ट्रातली रीत मैलांनी घडवली नाही, ती लाजेने घडवली.

तिचे ठळक उदाहरण टपालाच्या काळातले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. घरात उच्चारता न येणारे प्रश्न वाचक पत्राने विचारत, कर्वे अंकातून उत्तरे देत. हस्तमैथुनाने आयुष्याचा नाश होतो या धास्तीत खंगणाऱ्या तरुणांना सरळ बोलणारा निदान एक माणूस सापडला. या उत्तरांवरूनच 1934 मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड टळला नाही. विचारणारे मात्र सुखरूप राहिले. विचारणारा झाकलेला आणि उत्तर देणारा नावानिशी जबाबदार, ही वाटणी मला मोलाची वाटते. आजची साधने याच कसाला लावावीत.

टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ 2012 पासून फोन आणि ईमेलवर समुपदेशन करते. तिथे प्रशिक्षित माणूस बोलतो. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही. आधी समुपदेशक ऐकतो, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. इथवर कर्व्यांची वाटणी शाबूत आहे. काही चॅटबॉट ती उलटी करतात: मुलाचा नंबर, ईमेल आणि रात्री दोनला टंकलेले वाक्य सर्व्हरवर राहते, उत्तराला मात्र धनी कोणीच नसतो. 1966 मध्ये ‘एलायझा’ हा बोलका प्रोग्राम बनवणारे जोसेफ वायझेनबाउम स्वतःच पुढे माणसाच्या जागी यंत्राने सल्ला देण्याचे कडवे टीकाकार झाले, ते उगाच नव्हे.

यावर कोणी म्हणेल, शाळेतले शिक्षक जवळचे असताना परका कशाला? पण अंतर्गत गुण देणारा आणि बापाला चौकात भेटणारा माणूस जवळचा असतो म्हणूनच मूल त्याच्यापुढे गप्प बसते. गंभीर आजारात समोरासमोर तपासणी हवीच, हा आक्षेप मात्र रास्त. फोन ही तिथवर नेणारी पहिली पायरी आहे. त्याहून खरा आक्षेप घरातल्या एकाच मोबाइलचा. मुलीने बापाच्या फोनवरून 14416 लावला, तर ते पाच आकडे कॉलच्या यादीत राहतात. परीक्षेच्या दिवसांत बोर्ड समुपदेशकांचे नंबर जाहीर करते, तेही शेवटी याच फोनवरून लावायचे. तेव्हा सावद्यातल्या शाळांनी नवे ॲप घेण्याआधी दार लावता येईल अशी एक खोली आणि एक साधा फोन द्यावा, आणि तिथे कोण गेले याची वही ठेवू नये.