रिपीटर (दोन मोबाइल संचांचा)

रिपीटर (दोन मोबाइल संचांचा) : एका वारंवारतेवर ऐकू आलेले बोलणे त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर, उंच जागेवरून पुन्हा सोडणारे बिनतारी केंद्र. तयार रिपीटर महाग पडतो. म्हणून गाडीत बसवायचे दोन जुने संच घेऊन एकाला फक्त ऐकायचे आणि दुसऱ्याला फक्त बोलायचे काम द्यायचे, ही युक्ती हौशी रेडिओचालकांत (हॅम) रुळली आहे. प्रस्तुत नोंद ॲनालॉग एफएम रिपीटरपुरती असून उदाहरणे कोल्हापूर परिसरातील भूगोलाची आहेत.

नाव : येथे ‘मोबाइल’ म्हणजे फोन नव्हे. हातातला संच तो हँडी, टेबलावरचा बेस आणि गाडीच्या डॅशबोर्डखाली स्क्रूने बसवलेला तो मोबाइल. ‘पुनःप्रक्षेपक’ असा मराठी शब्द करता येतो. पण शिडीवर चढलेल्या माणसाला खालून कोणी तशी हाक मारत नाही.

इतिहास : दुतर्फा एफएम संचांचा वापर अमेरिकेत कनेटिकट राज्याच्या पोलीस दलाने १९४० मध्ये सुरू केला. हौशी रिपीटरचे जनकत्व सामान्यतः कॅलिफोर्नियाच्या आर्ट जेंट्री यांना दिले जाते. त्यांचे केंद्र १९५० च्या दशकातले. पुढे टॅक्सी व पोलीस खात्यांतून निवृत्त झालेले संच स्वस्तात मिळू लागले आणि हा प्रकार जगभर पसरला.

गरज : दोन मीटर पट्ट्यातील (भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. छातीशी हँडी धरून उभ्या माणसाचे क्षितिज पाच किलोमीटर. सपाटीवर असे दोघे फार तर दहा किलोमीटरपर्यंत बोलतील, तेही मध्ये इमारती नसतील तर. भोवतालच्या सपाटीपासून ४०० मीटर उंच डोंगरावर अँटेना गेली की तेच क्षितिज ८२ किलोमीटर होते. वॅट वाढवून हे साधत नाही.

कोल्हापूर जिल्हा या दृष्टीने दोन तुकड्यांत मोडतो. पूर्वेकडचे हातकणंगले आणि शिरोळ हे तालुके बव्हंशी सपाट आहेत. पश्चिम व दक्षिणेकडचे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड हे डोंगर-दऱ्यांचे. एका रिपीटरने दोन्ही सांभाळावेत ही अपेक्षा चुकीची आहे. रिपीटरसाठी सहज सुचणाऱ्या पन्हाळ्यापासून गगनबावडा सरळ रेषेत जेमतेम ४२ किलोमीटर, पण मध्ये सह्याद्रीच्या सोंडा आहेत.

पुराने संपर्काच्या या प्रश्नाला धार आणली. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि वीज गेलेल्या भागांत मोबाइल फोनही गेले. २००५ आणि २०२१ च्या जुलैतही मोठे पूर होते. नदी पातळीपासून शेकडो मीटर वर, बॅटरीवर चालणारी पेटी हवी, एवढीच रिपीटरची मागणी अशा वेळी असते.

जोडणी : नमुना म्हणून मोटोरोला जीएम३०० हा संच घेतला आहे, कारण याची माहितीपत्रके सर्वत्र फिरत असतात. या संचाच्या पाठीमागे सोळा खुंट्यांचा जोड असतो, आठ-आठच्या दोन रांगांत. कंपनीने स्वतः असे दोन संच एका पेटीत घालून जीआर३०० या नावाने टेबलावरचा रिपीटर विकला होता आणि दोन सुटे संच जोडण्यासाठी ‘रिक’ नावाची छोटी पेटीही काढली होती. हौशी माणूस पेटी टाळून तारेवर काम भागवतो.

तारा मोजून तीन-चार. ऐकणाऱ्या संचाची खुंटी ८ अशी प्रोग्रॅम करायची की योग्य संकेत येताच ती जमिनीशी (ग्राउंडशी) जोडली जावी. ती बोलणाऱ्या संचाच्या खुंटी ३ ला, म्हणजे पीटीटीला (बोलण्याच्या कळीला) जोडायची. कोणी बोलू लागले की पहिला संच दुसऱ्याची कळ दाबतो, इतकेच. ऐकणाऱ्याच्या खुंटी ११ वर आवाज मिळतो. तो बोलणाऱ्याच्या खुंटी ५ ला (सपाट आवाज) किंवा २ ला (माइकचा आवाज) द्यायचा, मध्ये एक छोटे पोटेन्शिओमीटर आणि कपॅसिटर ठेवून. खुंटी ७ दोन्हीकडे ग्राउंड. १५ आणि १६ यांच्यामधला छोटा दुवा काढला की आतला स्पीकर मुका होतो. तपासणीच्या वेळी अर्धा तास डोके खाजवून झाल्यावर हा दुवा आठवतो.

आवाजाची जोडी जुळली पाहिजे. एफएम प्रेषकात उंच स्वर मुद्दाम वाढवतात (प्रीएम्फसिस) आणि ग्राहकात तितकेच उतरवतात (डीएम्फसिस), सप्तकामागे ६ डेसिबल. ११ वरून उतरवलेला आवाज घेऊन सपाट वाटेने दिला तर रिपीटर घोंगडीखालून बोलल्यासारखा वाटतो. उलटे केले तर ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. संचाच्या आत एक जंपर असतो, त्यावर ११ वर कोणता आवाज यावा हे ठरते. झाकण उघडून तो पाहून घ्यावा, आधीच्या मालकाच्या सांगण्यावर जाऊ नये.

हा संच प्रोग्रॅम करण्याचे सॉफ्टवेअर डॉसवर चालते आणि वेगवान संगणकावर गडबड करते. म्हणून बिनतारीवाल्याच्या घरी एखादा ३८६ किंवा ४८६ जातीचा संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला सापडतो. घरातल्या लोकांनी तो भंगारात देऊ नये.

परकी घरघर आत येऊ नये म्हणून सीटीसीएसएस टोन लावतात : ६७ हर्ट्झपासून वर ठरलेल्या बारीक सुरांपैकी एक (उदा. ८८.५) बोलण्याच्या खाली सतत वाजत असतो, तो नसेल तर रिपीटर उठत नाही. एखाद्याची कळ अडकून राहिली तर तीन-एक मिनिटांनी प्रक्षेपण आपोआप थांबावे, आणि ठरावीक वेळाने रिपीटरने स्वतःची ओळखखूण मोर्समध्ये सांगावी. नुसत्या तारेने ही ओळखखूण साधत नाही, छोटा नियंत्रक लागतो.

विलगता : खरी अडचण इथे आहे. जोडणी एका संध्याकाळची, विलगता महिन्याची. दोन मीटर पट्ट्यात ऐकणे व बोलणे यांत प्रचलित अंतर ६०० किलोहर्ट्झचे, उदा. १४५.००० वर ऐकून १४५.६०० वर बोलायचे. म्हणजे ०.४ टक्क्यांच्या फरकाने शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकजण ओरडतो आणि दुसऱ्याने त्याच वेळी दूरची कुजबुज ऐकायची. १० वॅट म्हणजे +४० डीबीएम (एक मिलिवॅटशी तुलना करून काढलेले डेसिबल); संच ऐकू शकणारा पाव मायक्रोव्होल्ट म्हणजे सुमारे -११९ डीबीएम. फरक १५९ डेसिबलचा. संचाच्या स्वतःच्या निवडक्षमतेने काही भाग निघतो, तरी ८० ते ९० डेसिबलची विलगता बाहेरून द्यावी लागते. ती नसेल तर रिपीटर बहिरा होतो. याला डिसेन्स म्हणतात.

डिसेन्स ओळखायला उपकरण लागत नाही. दूरच्या माणसाला कमीत कमी शक्तीवर, आवाज थोडा खरखरत येईल असे बोलत ठेवायचे. ऐकणाऱ्या संचावर कान ठेवायचा आणि दुसऱ्या संचाची कळ हाताने दाबायची. आवाज तसाच राहिला तर काम झाले. खरखर वाढली, शब्द बुडाले, कळ सोडताच पुन्हा वर आले, तर फिल्टर कमी पडतो आहे. पुष्कळ रिपीटर बोलभांड आणि बहिरे असतात ते ही चाचणी टाळल्यामुळे. शक्ती ४५ वॅटवर नेल्याने फक्त दूरवर ऐकू जाते, दूरचे ऐकू येत नाही.

उपाय दोन. पहिला, दोन वेगळ्या अँटेना. एकाच मनोऱ्यावर एकीच्या वर दुसरी २० मीटर अंतराने लावली तर गणिताने सुमारे ६७ डेसिबल मिळतात. तेवढ्याच अंतराने आडव्या लावल्या तर ४० च्या आसपास. म्हणजे उभे अंतर आडव्यापेक्षा कितीतरी फळते, पण एवढ्यानेही पुरे होत नाही. दुसरा, डुप्लेक्सर : एकच अँटेना आणि मध्ये कॅव्हिटी फिल्टर, सहसा सहा डबे. गाडीत मावणारे चपटे डुप्लेक्सर बाजारात असतात. ते चार-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी असतात आणि ६०० किलोहर्ट्झला निरुपयोगी ठरतात. ही चूक पैसे गेल्यावर कळते.

कॅव्हिटी म्हणजे पाव तरंगलांबीचा, १४५ मेगाहर्ट्झला सुमारे ५२ सेंटिमीटरचा दांडा पोटात असलेला धातूचा नळा. प्रवाह पृष्ठभागाच्या पातळ थरातूनच वाहतो. तांब्यात या वारंवारतेला हा थर साडेपाच मायक्रॉनचा. म्हणून नळा आतून गुळगुळीत, जोड घट्ट आणि जमल्यास चांदीचा मुलामा. कोल्हापुरात हे काम परके वाटू नये : शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर तांब्या-पितळेचे काम रोजचे आहे आणि चांदीची कारागिरी हुपरीला आहे. टर्नरला मात्र ‘पाइप आहे, चालेल’ असे म्हणू देऊ नये. तांबे दर अंशाला लाखात १.७ भाग पसरते. तापमान २० अंशांनी बदलले की तांब्याच्या दांड्याची कॅव्हिटी सुमारे ५० किलोहर्ट्झ सरकते. म्हणून चांगल्या डब्यांत दांडा इन्व्हार या कमी पसरणाऱ्या मिश्रधातूचा घालतात. डब्यांना जोडणारी केबल दुहेरी जाळीची हवी. आरजी-५८ ची एक जाळी गळते आणि मोठ्या कष्टाने मिळवलेले डेसिबल केबलमधून वाहून जातात.

उष्णता आणि वीज : मोबाइल संच थोडे बोलण्यासाठी बनवलेले असतात, एक मिनिट प्रक्षेपण, चार मिनिटे विश्रांती असा त्यांचा हिशेब. रिपीटरवर गप्पा रंगल्या की विश्रांती मिळत नाही. शक्ती १० वॅटवर उतरवणे, मागच्या पात्यांवर (हीटसिंक) संगणकातला फॅन बसवणे, हे दोन उपाय पुरतात. घरच्या इन्व्हर्टरला लावतात त्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीची निम्मी क्षमता धरली आणि दर तासाला पंधरा मिनिटे प्रक्षेपण मानले, तर सरासरी १.७ अँपिअरने पावणेदोन दिवस निघतात.

जागा : पन्हाळा आणि जोतिबा (वाडी रत्नागिरी) ही दोन नावे लगेच सुचतात. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून चारशेहून अधिक मीटर उंच, शहरापासून सरळ रेषेत सुमारे १८ किलोमीटर. पण सांगली, शिरोळकडे पाहताना पन्हाळ्याच्या पूर्वेला जोतिबाचा डोंगर आडवा येतो; पूर्वेकडच्या पूरपट्ट्यासाठी जोतिबाच बरा. शिवाय पन्हाळा संरक्षित स्मारक असून जुलै २०२५ पासून ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या जागतिक वारसा नोंदीतील बारा किल्ल्यांपैकी एक आहे. संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियमन असल्याने तिथे मनोऱ्याचा विचार कागदावरच संपतो.

अर्थिंग : या डोंगरमाथ्यांवर जांभा आहे, आणि जांभ्यात अर्थिंग बसत नाही. कोळसा-मिठाचे थर घालून खोल खड्डा घेतला तरी विजा कडाडतात त्या वळवाच्या पावसात, म्हणजे एप्रिल-मे मध्ये, जेव्हा तो सडा (जांभ्याचे उघडे पठार) ठणठणीत कोरडा असतो. एका खड्ड्यावर विसंबू नये. तांब्याची पट्टी पसरून अनेक खड्डे जोडावेत आणि केबल खोलीत शिरते तिथेच तडितरोधक लावावा. तीस मीटर आरजी-२१३ केबलमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक शक्ती जाते, म्हणून खोली मनोऱ्याच्या पायथ्याशी घ्यावी.

कायदा : हौशी केंद्रांचा परवाना केंद्रीय दळणवळण मंत्रालयाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षेनंतर देते, नियम १९७८ चे. १८८५ व १९३३ चे जुने कायदे मोडीत काढणारा दूरसंचार अधिनियम, २०२३ हा जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. रिपीटर क्लबच्या नावे, वेगळी परवानगी घेऊन चालवण्याची रीत आहे. साखर कारखाना, ठेकेदार वा यात्रा समितीचे काम हौशी पट्ट्यावर चालवता येत नाही; त्यांची वाट वेगळी.

क्रॉसबँड : एक संच व्हीएचएफवर, दुसरा यूएचएफवर (भारतात हौशी पट्टा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ). वारंवारता इतक्या लांब असल्याने डुप्लेक्सरची कटकट जवळजवळ संपते; जोडणी तीच चार तारांची. बोलणाऱ्यांकडे दोन पट्ट्यांचे हँडी हवेत, एवढीच अट. पुराच्या दिवसांत एखाद्या शाळेच्या गच्चीवर दोन तासांत उभे राहू शकते ते हेच. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला हॅमसॅट उपग्रहही यूएचएफवर ऐकून व्हीएचएफवर बोलत असे, मात्र तो रिपीटर नव्हे, ट्रान्सपाँडर (एका वाहिनीऐवजी पट्ट्याचा तुकडाच दुसरीकडे सरकवणारा).

डिजिटल : डीएमआर या डिजिटल पद्धतीत एकाच वारंवारता-जोडीवर आळीपाळीच्या दोन कालखंडांत दोन संभाषणे चालतात, त्याला वरील जोडणी पुरत नाही.